प्रॉम्प्टरच्या आधी पब्लिक

हिरोनं तोंड उघडलं. मी विंगेतून त्याला वाक्य देणार, तेवढ्यात मांडवातली पोरं एका सुरात ओरडली, “तुझ्याशिवाय मी अधुरा आहे!” वाक्य बरोबर होतं. माझ्या कागदावर हेच लिहिलेलं होतं.

मी झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर आहे. धान कापून झालं, की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गावोगावी रात्रभर नाटकं होतात. आज हे गाव, उद्या ते. तालमीला वेळ कोणाला आहे? म्हणून मी पडद्याआड बसून एकेक वाक्य हळूच सांगतो आणि नट ते उचलून जोरात म्हणतो. मी चुकलो तर तोही चुकीचंच म्हणेल, तेही डोळ्यांत पाणी आणून.

यंदा आमचे निर्माते पुंडलिकभाऊ एक हिंदी पिक्चर पाहून आले. प्रेमाचा, कॉमेडी. आल्या आल्या म्हणाले, “शालिक, हेच उचलू. फक्त गाव आपलं टाकू.”

मी म्हटलं, “भाऊ, असे दहा पिक्चर लोकायनं पाह्यले. दोघं भांडते, मंग प्रेम, मंग गैरसमज. ती दुसऱ्यासंग लग्नाले निघते आन् हा पळत येते. त्यात सांगाचं काय राह्यलं?”

“लोकायले मालूम असलेलंच आवडते बे!”

लेखकानं लिहून दिलं. विमानतळाचा एसटी स्टँड झाला, लंडनचा नवरदेव नागपूरचा इंजिनिअर झाला. मी विचारलं, आपल्या स्टँडवर हिरोनं पळायचं कशाला? चहा पिऊन आला तरी बस तिथंच उभी असते. पुंडलिकभाऊंनी नुसते डोळे वटारले.

हिरोईन होती प्रणाली, मूल गावाकडची पोरगी. कित्येक सीझन तिनं हिरोईनच्या मैत्रिणीचंच काम केलं. असल्या गोष्टीतली मैत्रीण म्हणजे ना घर, ना दार, नुसतं हिरोईनच्या मागं फिरायचं. यंदा पहिल्यांदा मोठं काम मिळालं. पण पुंडलिकभाऊंनी तिला बजावलं होतं, “पह्यला प्रयोग पडला त नाटक बंद. तू परत मैत्रीण.” आणि पहिल्याच प्रयोगाला पोरं नटांच्या आधी वाक्यं ओरडत होती. वर शेजारच्या गावची मंडळी बुकिंगच्या आधी नाटक पाहायला येऊन पुढंच बसलेली. दुसऱ्या अंकात त्यातल्या एकानं शाल ओढून चक्क डोळे मिटले.

प्रणाली विंगेत आली. रडायचीच बाकी होती. “शालिकभाऊ, माह्यावर हासून राह्यले लोक.”

“तुह्यावर नाई बाई, पिक्चरवर.”

मला तिची फार दया आली. आणि रागही आला, त्या पिक्चरचा. शेवटचा प्रवेश सुरू झाला. एसटी स्टँड. हिरो पळत आला. हा नट रोहन, खास नागपूरहून आणलेला. आता त्यानं माफी मागायची आणि हिनं गळ्यात पडायचं. मी कागद मिटला आणि प्रणालीला वाक्य दिलं, “मंग एक फोन काऊन नाई केला?”

ती दचकली. पण म्हणाली, ठणकावून म्हणाली. हे वाक्य मांडवातल्या पोरांना माहीत नव्हतं. रोहननं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “रेंज नव्हती.”

“रेंज नव्हती!” रोहन कळवळून म्हणाला, आणि मांडव खदखदून हसला. एटापल्ली-भामरागडच्या जंगलाकडे ह्याहून खरं कारण नाही.

तेवढ्यात एक म्हातारी उठून ओरडली, “पोरगा काम काय करते, इचार ना व माय!” आमच्याकडे नाटकाला पाहुणे येतात, तेव्हाच सोयरिकी जमतात. म्हातारीनं रोहनला त्याच नजरेनं पाहिलं असणार.

प्रणालीनं माझी वाट पाहिली नाही. “हो, काम काय करता तुमी?”

मी भराभर कागद उलटले. हिरोला बंगला होता, गिटार होती, पराठे करणारी आई होती. कामधंदा कुठंच लिहिलेला नव्हता. रोहन माझ्याकडे बघतोय. मी त्याला म्हटलं, “शोधून राह्यलो.”

“शोधून राह्यलो!” तो मांडवाला म्हणाला. डोळ्यांत पाणी.

आता गाडी रुळावर आणणं भाग होतं. मी प्रणालीला मूळ वाक्य दिलं, “मी तुझीच आहे.” तिला ते नक्की ऐकू गेलं. तिनं बॅग उचलली, म्हणाली, “नाई,” आणि बसमध्ये चढली.

तीच म्हातारी हळूच म्हणाली, “अगा बाई, मंग आता?” असं त्या रात्री पहिल्यांदाच कोणी विचारलं. मी पडदा पाडायला लावला.

पुंडलिकभाऊ लालबुंद होऊन आत आले. “हे कोनं लिहिलं?”

“पब्लिकनं, भाऊ.”

त्यांच्या मागोमाग शालवाला आला, टक्क जागा. “आमच्या गावी हेच लावा. ते ‘नाई’ पायजेच.” प्रणाली हिरोईन राहिली.

पण पब्लिक ते पब्लिक. मोबाइलवर व्हिडिओ फिरले. थोड्याच प्रयोगांत अख्खा मांडव तिच्या आधी “नाई” म्हणाला. प्रणाली त्या रात्री “हो” म्हणाली. तेव्हापासून काय म्हणायचं ते ती कोणालाच सांगत नाही, मलाही नाही. रोहन प्रवेशाआधी हात जोडतो, “भाऊ, आज हो का नाई?” मी खांदे उडवतो. स्टँडवर पळत येताना आता त्याला खराखुरा घाम फुटलेला असतो. पिक्चरमधल्या हिरोला तो कधी फुटलाच नव्हता. वैतागलाय तो फक्त मेकअपवाला.