शनिवारची एक चूक

टेक्सासमधल्या प्लेनोतल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतले आम्ही सात पुरुष दर शनिवारी सकाळी आठला कुणा एकाच्या घरी जमतो. चहा, प्रार्थना, आणि मग प्रत्येकानं आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. पुरुष घराचं मस्तक, म्हणून आधी त्यानं जाब द्यायचा, असं पाळकसाहेब म्हणतात.

अकरा वर्षांत मी चार शनिवार चुकवले. चारही वेळा ताप होता. माझी चूक ठरलेली: "प्रार्थनेला वेळ कमी पडला."

आमच्या रस्त्यावर तीन घरं सोडून राहणारा आमच्यातला एक जण मात्र कायम वीस मिनिटं उशिरा येतो. एकदा आमच्या घरी बसता बसताच म्हणाला, "मंगळवारी बायकोवर ओरडलो. पोरांसमोर. मग पोरांसमोरच माफी मागितली."

स्वयंपाकघरातून माझी बायको म्हणाली, "धन्य आहात, भावजी!" आणि पहिली पोह्यांची बशी त्याला गेली. मी तर ओरडतच नाही. मला कोण धन्य म्हणणार?

या मार्चमध्ये माझ्या सतरा वर्षांच्या मुलीनं गाडी मागे घेताना गॅरेजच्या दारावर घातली. मी वरच्या खोलीत होतो. ती वर आली नाही; चालत तीन घरं पलीकडे त्याच्याकडे गेली. तोच तिला घेऊन अंगणात आला, तेव्हा मी खाली उतरलो.

"दादा, पोरगी घाबरलीय. दार काय, बदलता येतं."

"आरशात बघ म्हणून निदान चाळीस वेळा सांगितलंय," मी म्हणालो.

ती त्याच्या मागे सरकली. माझ्याच अंगणात, माझी मुलगी, त्याच्या पाठीमागे. ते पाऊल मला आजही खुपतं.

शनिवारी मी म्हणालो, "माझी मुलगी मला घाबरते. तिला ज्याचा आधार वाटतो, त्याचा मला हेवा वाटतो." आठ वाजून पंधरा मिनिटं झाली होती. तो अजून यायचा होता, म्हणूनच बोलू शकलो.

घरी येऊन बायकोसमोर मुलीची माफी मागितली. मुलीनं एका कानातला इअरफोन काढला.

"डिड काका टेल यू टू से दॅट?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. पण शिकलो होतो त्याच्याकडूनच, आणि तेवढं मी तिला सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "थांबू या. त्याला येऊ द्या."

आठ वीसला तो येऊन बसेपर्यंत थांबलो.