ताईने आखलेला कोपरा

मी सुतार. जागेचे नकाशे काढणाऱ्या ताईबरोबर बावीस वर्षं काम केलं. ती मला मिस्त्री म्हणायची, मी तिला ताई. वयाने ती मोठी, रागाला मी. लाकूड कापण्याआधी ती अख्खा नकाशा खडूने जमिनीवर खऱ्या मापात काढायची आणि आम्ही दिवसभर त्यात वावरायचो. खोक्यावर बसून चहा प्यायचा, खडूच्या दारातूनच आत-बाहेर करायचं. घाईत रेघ ओलांडली की ओरडायची, "मिस्त्री, भिंतीतून काय जाताय, भूत आहात का?"

शेवटचं मोठं काम एका बंद पडलेल्या छापखान्याचं. तिथे को-वर्किंग करायचं होतं. ज्यांना ऑफिस नाही अशा पन्नासेक जणांनी एका छताखाली आपापलं काम करावं, आणि जमलं तर एकत्र काही नवंही करावं. मालकाला काचेच्या खोल्या हव्या होत्या. मी म्हणालो, "मासे पाळायचेत का?" ताईने मात्र गोडीगुलाबीने त्याच्या गळी उतरवलं की प्रिंटर एकच ठेवू, तोही लांब, म्हणजे माणसं उठतील, वाट चहाच्या ओट्याजवळून नेऊ, म्हणजे थांबतील, बोलतील. टेबलांना चाकं लावली. कोणी कुठे बसायचं ते आपण ठरवायचं नाही, हा तिचा नियम. तो तिने एकाच ठिकाणी मोडला.

तिचा मुलगा कार्टूनपटांसाठी चित्रं काढायचा. नोकरीत भर मीटिंगमध्ये त्याच्या कामाची टिंगल झाली, आणि पोरगा जो घरी येऊन खोलीत शिरला, तो दोन वर्षं धड बाहेर पडला नाही. जेवणाचं ताटही दाराशी ठेवायचं. हे काम ताईने घेतलं ते त्याच्यासाठीच. म्हणायची, "तो एकदा चार माणसांत बसला ना मिस्त्री, की मी सुटले."

म्हणून एक कोपरा त्याचा. पाठीशी भिंत, मागून कोणी डोकावायला नको. उजेड उजवीकडून, कारण तो डावखुरा. तो आंघोळीला गेला असताना तिने त्याच्या पेन्सिलींच्या डब्याचं माप घेऊन आणलं, आणि मी नेमका त्या मापाचा कप्पा केला. खोटं कशाला बोलू, इतका जीव ओतून मी दुसरं काही केलेलं नाही.

आणि तो आला! नुसतं बघून जातो म्हणाला, फिरत फिरत त्या कोपऱ्यात टेकला आणि रोज येऊ लागला. चौथ्या दिवशी प्रिंटरपाशी मुलांची पुस्तकं लिहिणाऱ्या एका बाईंनी त्याचं चित्र पाहिलं. दोघं तासभर एका कागदावर वाकून बसले होते. ताई ओट्यामागे तोंडाला पदर लावून रडत होती.

पाचव्या दिवशी मी एक चाक दुरुस्त करायला गेलो. तो हसत म्हणाला, "काका, डबा काय बसलाय बघा! जणू याच्यासाठीच केलाय."

माझी छाती फुगली. "जणू काय? त्याच्यासाठीच केलाय! तुझ्या आईने चोरून माप आणलं." तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी भिंतीचं सांगितलं, उजेडाचं सांगितलं, प्रिंटरचंही सांगितलं.

त्याचं हसू मावळलं. "आणि त्या बाई? त्यांनाही आईनेच पाठवलं?"

"नाही रे. शपथ, नाही."

त्याने डबा काढून पिशवीत टाकला. "मला वाटलं, ही जागा मी निवडली," म्हणाला आणि गेला.

ताई मला एका शब्दाने बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बाई बरेच दिवस त्याची चौकशी करत होत्या. जागा गजबजली. मालक खूश. मला तिकडे पाऊल टाकवत नाही.

तो गेला त्यानंतर आठवड्याने पोराचाच फोन आला. "काका, माझ्या खोलीला आतून मजबूत कडी हवी." मी नाही म्हणणार होतो. ताईच म्हणाली, "लावा. मोडकी आहे ती, त्याला झोप लागत नाही."

मी दाराशी बसलो. तो आत, पाठमोरा. ताई शेजारी उभी राहून मला एकेक स्क्रू देत होती, नेहमीसारखी. मी पेन्सिलीने खूण केली. तिने ती पाहिली आणि हळूच म्हणाली, "थोडी वर घ्या मिस्त्री. त्याला वाकावं लागेल."

मी खूण पुसली आणि वर केली.