शेंड्याचा मणी

गोडीमामा सकाळी आमच्याकडे चहा घेत नसत. माघ-फाल्गुनात, द्राक्षं उतरायच्या दिवसांत, तर तंबाखूची डबीसुद्धा बायकोच्या ताब्यात द्यायचे. आईनं विचारलं की म्हणायचे, "नगं वैनी. गोड पिलं की जीभ खोटं बोलती, चांगला मणीबी आंबट लागतो." आमच्या घरी त्यांचा कप वेगळा होता, गोठ्याच्या कोनाड्यात उपडा घातलेला. मामा चहा टाळतात ते फक्त जिभेसाठी, असं आम्ही सगळे बरीच वर्षं सोयीनं समजत होतो.

ते खरं तर कुणाचेच मामा नव्हते. शेजारच्या बौद्ध वस्तीत राहायचे, आणि लहानपणापासून एका जुन्या जमीनदाराच्या अनाबेशाही द्राक्षांच्या बागेत राबले होते. आम्ही मूळचे मेंढरंवाले. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मेंढरं विकून वेरूळच्या रस्त्याला दोन एकर द्राक्षं लावली आणि लावल्यावर ध्यानात आलं की आमच्या घराण्याला पाला कळतो, फळ कळत नाही. मला तर मेंढराइतकीही पारख नव्हती. त्यामुळे माल तोडायचा की थांबायचं, हे मामा ठरवत.

ते मांडवाखाली वाकून चालायचे, सावलीतला घड शोधायचे आणि त्याचा अगदी खालच्या टोकाचा, शेंड्याचा मणी तोडायचे. "वरचा मणी लवकर गोड व्हतो अन् मालकाला फसवतो. शेंड्याचा शेवटी गोड व्हतो, पन खरं सांगतो." जुन्या जातीत बी असायचं, त्याच्या रंगावरून फळ पिकलं की नाही ते कळायचं. आमची द्राक्षं बिनबियांची, साखर मोजायची दुर्बीण अजून आमच्याकडे आलेली नव्हती, तेव्हा सगळा भार जिभेवर. एकदा व्यापारी वरचा मणी खाऊन वाहवा करत होता, तर मामांनी शेंड्याचा मणी गुपचूप त्याच्या हातावर ठेवला. त्याचं तोंड असं वाकडं झालं की अण्णा दोन दिवस मामांशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षापासून मात्र तो व्यापारी गाडीतून उतरतानाच विचारायचा, "मामा काय म्हणतात?"

त्याच वर्षांत वाळूजला कारखाने उभे राहत होते. मामांना एका कारखान्यात तेजाबाच्या हौदावर काम लागलं. सुटीच्या दिवशी ते बागेत यायचे, नाहीतर विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चात असायचे. एकदा तर तुरुंगातून सुटून सरळ बागेतच आले आणि म्हणाले, "चार दिवस चहा नाय. जीभ एकदम साफ हाय." अण्णा या विषयावर मामांसमोर गप्प बसायचे. मामा गेल्यावर गप्प बसायचे नाहीत. नामांतर कधी होणार, असं मी एकदा जरा चेष्टेनंच विचारलं. मामा म्हणाले, "शेंड्याचा मणी हाय, बापू. टाइम लागतो."

मग ते वर्ष आलं. दिवसा ऊन आणि रात्री थंडी असली की साखर भरते. त्या फाल्गुनात दोन्ही गेलं आणि आठ दिवस आभाळ भरून राहिलं. गोडी जिथल्या तिथं थांबली. आंबट माल व्यापारी घेणार नाही, आणि थांबलो तर पाऊस गाठणार. गाडी दारात उभी होती. अण्णा हात मागं बांधून मामांच्या तोंडाकडे पाहत होते. वर्षाचं सगळं त्या तोंडात होतं.

मामांनी मणी बराच वेळ घोळवला. दुसरा घेतला, मग तिसरा. मग एक मणी माझ्यापुढे धरून हलकेच म्हणाले, "बापू, तुमी बघा बरं."

मामांनी मला विचारावं! बी.ए. होऊन घरी बसलेल्या माणसाला असा मान रोज मिळत नाही. मी मणी खाल्ला, डोळे बारीक केले आणि म्हणालो, "आंबट आहे." निघताना आईनं दिलेला गुळाचा चहा मी दोन कप ढोसला होता, हे मला तेव्हा आठवलंच नाही.

मामा अण्णांना म्हणाले, "दोन दिवस थांबा."

पाऊस दुसऱ्याच दिवशी आला. आम्ही तिघं मांडवाखाली उभे होतो. करण्यासारखं काहीच नव्हतं. आभाळाला काय छत्री धरायची? उघडीप झाल्यावर फुगलेले मणी तडकले, रस ओघळू लागला, माश्या आल्या. मी एक मणी तोंडात टाकला. पाण्यानं पातळ होऊनही तो गोड लागला. अण्णांनी काही विचारायच्या आधीच मामा म्हणाले, "मीच थांबा म्हन्लो." मी चिखलाकडे पाहत राहिलो. अण्णांनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

पुढं नोकरीच्या शोधात मी वाळूजला गेलो, तेव्हा मामा कारखान्याबाहेर डबा खात बसलेले दिसले. त्यांनी मला भाजी दिली. तिच्यात मिठाचा कण नव्हता. मामा मुकाट्यानं जेवत होते. माझा चेहरा पाहून त्यांनी घास खाली ठेवला.

"आज मीठ नाय का? मला कळत नाय आता. तेजाबाच्या वाफेनं जीभ गेली. दोन वर्षं झाली, त्या पावसाच्या आधीपासनं."

"मग सांगितलं का नाही, मामा?"

"सांगितलं असतं तर तुमच्याकडं मला कोन बोलावनार व्हतं?"

त्या चहाचं मी तेव्हाही बोललो नाही.

नामांतराची बातमी आली त्या सकाळी मी त्यांच्या वस्तीत गेलो. हवेत गारठा होता, बागांतले मणी अजून हिरवेकच्च होते. वस्तीत ढोल वाजत होते, म्हातारी माणसं रडत होती. मामांच्या घरी ओळीनं कप मांडलेले होते, सगळे सारखे. मी हात पुढं केला तर मामा म्हणाले, "चहा मागनं. आधी हे." त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

"सकाळी चहा घेऊन नाय ना आलात, बापू?"

इतक्या वर्षांत त्यांनी तेवढंच विचारलं. मी मान खाली घालून म्हणालो, "नाही मामा. आज नाही."

"मग सांगा. कसा हाय?"

मी पेढा खाल्ला. "गोड आहे."

"शेंड्यापतूर?"

"शेंड्यापर्यंत, मामा."

मग त्यांनी आपला पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मण्यासारखा तो बराच वेळ घोळवत राहिले.