नाव घेतल्याशिवाय बुडी मोजणार नाही

समुद्रात श्वास रोखून डुबकी मारायला शिकून आले आणि पहिली काळजी लागली ती कोंढ्याच्या संजूची. माझा हा धाकटा भाऊ गावच्या तलावात सगळ्यांत जास्त वेळ बुडी मारणारा. बुडीआधी तो लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकतो. त्यानं दम वाढत नाही. श्वास घ्यावासा वाटणंच लांबतं आणि माणूस नकळत बेशुद्ध होतो. त्यात गावचा नियम असा, की बुडीवाल्याला कुणी हात लावला तर तो बाद! म्हणजे वाचवायचीही चोरी.

शनिवारी नागपूरहून उमरेड, भिवापूर करत पवनी गाठली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, खड्डे मात्र पूर्ण. पवनीहून कोंढ्याला दुसरी गाडी मिळते. घरी भावजयीनं, वनितानं, लाखोरीच्या डाळीचे वडे तळले होते. कधी गेलात तर गरमच खा.

"ताई, तू आता मले दम धराले शिकवशीन?" संजू हसला.

"तुले नाही, वनिताले."

रविवारी सकाळी तलावावर माझे नियम लागू झाले. भाता बंद. जोडीदार शेजारी हवाच, आणि हात लावला तरी बाद नाही. वर आल्यावर बायकोचं नाव उखाण्यात घ्यायचं, म्हणजे गडी शुद्धीवर आहे हे कळेल.

"बुडी सोपी हाये, नावच कठीन!" तलावाच्या पाळीवरून एक काका ओरडले.

वनिता पदर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. संजूनं माझ्याकडे पाठ करून भाता चालवलाच. मला कळेपर्यंत तो खाली गेला होता. बऱ्याच वेळानं वर आला, हसला. "तलावात कमळ, कमळावर भुंगा..." पुढे शब्दच नाही. ओठ निळे, डोळे फिरलेले, मान पाण्यात घसरली. शिकवणारी मी काठावरच राहिले. वनितानं मात्र रात्री शिकवल्याप्रमाणे त्याची हनुवटी वर धरली, तोंडावर फुंकर मारली. "दम घ्या जी! दम घ्या!"

त्यानं श्वास घेतला. "जिंकलो न?"

"नाव नाही घेतलं. बाद," ती म्हणाली आणि पाण्यातच रडायला लागली.

त्याला दवाखान्यात दाखवूनच मी परतीची गाडी धरली. घरी आले तरी ते निळे ओठ डोळ्यांपुढून हलेनात. संध्याकाळी त्याचा फोन.

"ताई, वनिता खोटं बोलून राहिली न? मी नाव घेतलं होतं. पूरं."

"नाही रे."

तो हळूच म्हणाला, "मंग तवा मी कुठं होतो?"

एरवी त्याला चिडवायला मला निमित्त लागत नाही.

"वनिताच्या हातात," मी म्हटलं.