कोरडं कुंड

आमच्या एल्डरविकचं पाद्री घडवायचं कॉलेज बंद पडून एकतीस वर्षं झाली. इमारतीत आता फ्लॅट आहेत आणि कागदपत्रं अकरा खोक्यांत भरून माझ्या मागच्या खोलीत. मी तिथली शेवटची ग्रंथपाल, दुसरं कोण सांभाळणार? यंदा चर्चने मला कॉलेजचा इतिहास लिहायला सांगितला, बारा पानांत. मी नऊ प्राचार्य लिहिले, दोन बिशप लिहिले, छपराची दुरुस्तीसुद्धा लिहिली. स्वयंपाकघराबद्दल एक ओळ नव्हती, आणि ते मला सुचलंही नव्हतं, हे आधीच कबूल करते.

मंगळवारी एनिड क्लेग आल्याच्या केकचा डबा घेऊन दारात उभी. एनिड कॉलेजच्या स्वयंपाकिणीची, आयव्हीची मुलगी. वय पासष्ट, अजून सायकलवर फिरते. सतराव्या वर्षी आईच्या हाताखाली बटाटे सोलायला लागली, कॉलेज बंद झाल्यावर शाळेत पोरांना जेवण वाढलं. लग्न केलं नाही. रविवार कधी चुकवला नाही, तिसरा बाक ठरलेला. पण भाकर आणि द्राक्षारस घ्यायला सगळे उठले, की ही आपली बसून राहायची. कुणी म्हणे शिष्ट आहे, कुणी म्हणे काहीतरी करून बसलीय. मी मेली चौकशीखोर, पण तिला विचारायचा धीर मला चाळीस वर्षांत झाला नाही.

"बेरिल, तुझ्या त्या खोक्यांत मी आहे का गं?" तिने विचारलं.

"तू? तू कधी बिशप झालीस?"

"थट्टा नको गं. रविवारी माझ्या भाचीच्या तान्ह्या रोझीचा बाप्तिस्मा आहे. मला धर्ममाता व्हायला सांगितलंय. आणि नवे पाद्री विचारतायत, तुमचा स्वतःचा बाप्तिस्मा कुठे झाला? तो नसेल तर धर्ममाता होता येत नाही म्हणे."

"मग सांगून टाक की."

"तेच तर मला माहीत नाही," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

तिचा बाप हट्टी बॅप्टिस्ट. त्यांच्यात माणूस मोठा होऊन स्वतः हो म्हणेपर्यंत बाप्तिस्म्याचं पाणी लावत नाहीत. तान्ह्या पोरीला चर्चमध्ये नेलंस तर घरात पाऊल ठेवू नकोस, असं त्याने आयव्हीला बजावलं होतं. इकडे कॉलेजात होतकरू पाद्री चिनी मातीच्या बाहुलीवर बाप्तिस्म्याचा सराव करायचे. एकदा बाहुली पडून फुटली. आयव्ही म्हणाली, माझी पोरगी घ्या की, नाहीतरी टोपलीत झोपलीच आहे.

"आई मला हळूच सांगायची, तुझं झालंय, कॉलेजात झालंय, बाबांपुढे बोलू नकोस. मी खरं धरून चालले. मग कामाला लागल्यावर एकदा सराव बघायला डोकावले. बाप्तिस्म्याचं कुंड कोरडं, बेरिल! ठणठणीत कोरडं. सरावाला पाणी घालतच नाहीत, नाहीतर खरंच होऊन बसेल ना! आई खोटं बोलली, की माझी समजूत काढली? विचारायचं राहिलं, आणि ती गेली. म्हणून तर रविवारी भाकर घ्यायला उठत नाही मी, बाप्तिस्मा नसेल तर ती घेता येत नाही ना."

"अगं, मग आता घे. 'आधी झाला नसेल तर' असं म्हणून देतात की. दोन मिनिटांचं काम."

"आणि आईला खोटी पाडू? तसं असेल तर रोझीला दुसरी कुणी बघू दे."

तीन दिवस आम्ही खोकी उपसली. शुक्रवारी छपराच्या कागदांखाली कॅनन स्ट्रूड या कॉलेजातल्या पाद्री शिक्षकाच्या वह्या निघाल्या. बाप्तिस्म्याचा, लग्नाचा, सगळा सराव हा बाबा घ्यायचा, आणि नापास करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वह्या मी पूर्वी पाहिल्या होत्या, पण पोरांच्या चुका कोण वाचत बसणार म्हणून बाजूला टाकल्या होत्या. 'बाहुली उलटी धरली, नापास.' 'नवरीचं नाव विसरला, नापास.' आम्ही हसून हसून बेजार. मग एकोणीसशे सदतीसच्या फेब्रुवारीचं पान आलं. मी मोठ्याने वाचलं.

'बाहुली फुटल्याने स्वयंपाकिणीचं मूल घेतलं. उमेदवार हॅलम. नाव विचारल्यावर सरावासाठी ठरलेलं थॉमस हे नाव न सांगता स्वयंपाकिणीने एनिड मेरी असं ठणकावून सांगितलं. कुंडात पाणी आढळलं. हॅलमने तीनदा ओतून सगळे शब्द म्हटले. सूचनेचा भंग. नापास.'

खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पाणी कोमट. स्वयंपाकघरात चौकशी करणे.'

एनिडने वही माझ्या हातून ओढून घेतली. "कोमट," ती म्हणाली. "कॉलेजच्या त्या चॅपलमध्ये फेब्रुवारीत बोटं वाकत नसत गं. आईने किटली नेली होती." आणि ती रडायला लागली, अगदी हुंदके देऊन. मलाही राहवलं नाही. मेली आयव्ही! नवऱ्याचा शब्द राखला, चर्चमध्ये नेलं नाही, आणि सगळ्या कॉलेजच्या डोळ्यांदेखत काम उरकून घेतलं.

नव्या पाद्र्यांनी ते पान दोनदा वाचलं. "पाणी आहे, नाव आहे, शब्द आहेत. बाप्तिस्मा झालाय, मिस क्लेग."

"पण खाली नापास लिहिलंय हो."

"तो हॅलम. तुम्ही पास."

घरी येऊन मी छपराची दुरुस्ती खोडली आणि तिथे आयव्ही क्लेग लिहिली.

रविवारी चर्च नेहमीसारखं गारठलेलं. पाद्री कुंडाशी गेले, तशी एनिड म्हणाली, "जरा थांबा हं." पिशवीतून थर्मास काढला आणि वाफाळतं पाणी कुंडात ओतलं. पाद्र्यांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. एनिडने बाही वर सारून कोपर पाण्यात बुडवलं, आणखी थोडं ओतलं, पुन्हा बुडवलं.

"आता चालेल," ती म्हणाली, आणि रोझीला त्यांच्या हातात दिलं.