हैदराबादच्या रस्त्यावर गडचिरोलीचं गॅरेज

चार जणांनी एकच गोष्ट पाहिली की तिचे चार किस्से होतात आणि विनूभाऊंच्या गॅरेजवर चहा आला की आठ. हैदराबादची रेस पाहून आम्हाला बरेच दिवस झाले, पण किस्से काही संपत नाहीत. जो सांगतो तो दर वेळी थोडी भर घालतो. मी इथे भर न घालता सांगतोय.

आधी आम्ही कोण ते सांगतो. विनूभाऊंचं गडचिरोलीत गॅरेज आहे आणि शेजारी माझं स्पेअर पार्टचं दुकान. रामलू मूळचा सिरोंच्याचा, गॅरेजच्या कोपऱ्यात टायरचं काम करतो, मराठीइतकीच तेलुगू बोलतो. चौथ्या सुषमाबाई. त्या कुरखेड्याकडच्या जंगलातल्या रस्त्यांवर ॲम्ब्युलन्स चालवतात. गाडी आमच्याकडे दुरुस्तीला आली की काम होईपर्यंत तिथेच बसतात, म्हणून आमच्यातल्याच झाल्या.

हैदराबादच्या रस्त्यांवर परदेशी जीटी गाड्यांची रेस होणार होती आणि वळणावळणावर उभं राहायला मार्शल हवे होते. माझ्या ओळखीच्या डीलरनं विचारलं. विनूभाऊंनी चौघांच्या वतीनं हो सांगून टाकलं. आम्हाला नंतर कळवलं.

* * *

पहिल्या दिवशी ट्रेनिंग होतं. ट्रॅककडे पाठ करायची नाही, गाडी आदळली तर आधी झेंडा, मग धावपळ, असं एक तरुण अधिकारी शिकवत होता. मग त्यानं विचारलं, रेस चालू असताना ट्रॅकवर जनावर आलं तर काय कराल?

सगळ्यांनी भराभर उत्तरं दिली. कोणी वॉकीटॉकीवर कळवणार होतं, कोणी झेंडा दाखवणार होतं. विनूभाऊंना विचारलं तेव्हा म्हणाले, "जनावर कोणतं ते आधी सांगा साहेब. त्याच्यावर सारं हाय."

अधिकारी हसला. मग त्यानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही चौघंही हसत नव्हतो.

* * *

मग झेंडे वाटले. पिवळा म्हणजे पुढे धोका. निळा म्हणजे मागून वेगाची गाडी येतेय, तिला वाट द्या. निळा सुषमाबाईंकडे आला. तो कसा धरायचा, हात किती उंच न्यायचा, हे अधिकारी अगदी मन लावून समजावू लागला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाकीचे शिकवा. हा झेंडा मले लहानपणापासून येते."

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्या दर वर्षी पुढे असतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? पण दुसऱ्या दिवशी त्यांचा झेंडा वर गेला की कोट्यवधींच्या गाड्या निमूट बाजूला होत होत्या. बाईंचा चेहरा पाहण्यासारखा होता.

* * *

सरावाच्या दिवशी आम्हाला पिटमध्ये, म्हणजे गाड्या चाकं बदलायला थांबतात तिथे, नेलं. गाडी आली, माणसं तुटून पडली, चारही चाकं बदलली, गाडी गेली. आम्ही नीट बघेपर्यंत खेळ खलास. रामलूनं खाली ठेवलेला एक टायर हातानं चाचपून पाहिला. मला वाटलं, भारावला.

शेवटी म्हणाला, "भाऊ, हे काम मले जमणार नाई. गिऱ्हाईक बसन कधी अन् बोलन कधी?"

* * *

त्याच दुपारी, आम्ही पाळीपाळीनं जेवत असताना, विनूभाऊंना घरून वहिनींचा फोन आला. मागे गाड्यांचा सराव चालू होता, कानठळ्या बसत होत्या. वहिनींना वाटलं, हे हैदराबादला गेलेच नाहीत, कुणाच्या तरी धानाच्या मिलमध्ये बसले आहेत.

विनूभाऊंनी शपथा घेतल्या. मग खात्री पटावी म्हणून फोन थेट ट्रॅककडे धरला. गाडी गेली. पलीकडून वहिनी शांतपणे म्हणाल्या, "कोंडा भी घेऊन या."

* * *

आमच्या वळणावर, अगदी वर, एका म्हाताऱ्या आजीची बाल्कनी होती. रस्ता बंद, त्यामुळे तिला खाली उतरता येत नव्हतं. रामलूनं तेलुगूत विचारपूस केली तेव्हापासून ती त्याला नातवासारखं वागवू लागली. रेसच्या दिवशी तिनं दोरीला बांधून पिशवी खाली सोडली. आत ताकाच्या बाटल्या.

रामलूनं आभार मानले, तर तिनं वरून बजावलं की एक बाटली त्या पिवळ्या गाडीवाल्याला दे. तो सगळ्यांच्या मागे राहिलाय, दमला असेल पोर.

* * *

त्याच रेसमध्ये एक पांढरी गाडी आमच्या वळणावर घसरली आणि भिंतीवर आदळली. आधी आवाज, मग धूर, मग बॉनेटखाली ज्वाळा दिसली. मी पिवळा झेंडा हलवत होतो. विनूभाऊ आग विझवायचा सिलिंडर घेऊन पुढून भिडले. रामलूनं दार उघडलं.

ड्रायव्हर बाहेर येईना. जखम दिसत नव्हती, पट्टाही त्यानं स्वतःच सोडला होता. पण दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले आणि नजर समोर. रामलू इंग्रजीत जे येत होतं ते ओरडला. काही उपयोग झाला नाही. धूर वाढत होता.

सुषमाबाईंनी रामलूला बाजूला केलं आणि आत वाकल्या. ॲम्ब्युलन्समध्ये मागे कळा देणाऱ्या पोरीशी बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, "बाबू, हात सोड. गाडी गेली तं जाऊ दे. आम्ही हाओ ना इथी. सोड बरं."

त्यानं एकेक बोट सोडलं. बाईंचा हात धरून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. तोवर विनूभाऊंनी आग विझवली होती.

डॉक्टर आले. त्याला भिंतीआड बसवून तपासलं, हेल्मेट उतरवलं. जेमतेम विशीचा, गोरापान मुलगा होता. बाईंचा हात त्यानं अजून धरलेलाच होता. डॉक्टरांनी त्याला इंग्रजीत विचारलं, या बाई तुला काय म्हणाल्या?

मी शेजारीच उभा होतो. तो बाईंकडे बघून म्हणाला, "ते मला कळलं नाही. मी फक्त हो म्हणालो."