जुन्या फायलीतला पोर्ट

कोल्हापुरातल्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी निवृत्तीपर्यंत शिकवलं, तिथल्या अँटेनाच्या लॅबमध्ये एक रीत होती. नवा प्रोजेक्ट कोऱ्या फायलीत सुरू करायचा नाही. माझी जुनी सिम्युलेशन फाईल उघडायची, वेगळ्या नावानं साठवायची आणि मापं बदलायची. रीत मीच पाडली होती. मुलांचा वेळ वाचतो, असं मी सांगायचो. खरं म्हणजे तपासताना माझा वाचायचा.

संगणकावर अँटेना रचला की त्याला ऊर्जा कुठून आणि कशी द्यायची ते ठरवावं लागतं. त्या जागेला पोर्ट म्हणतात. माझ्या फायलीतला पोर्ट म्हणजे, अँटेना ज्या बोर्डावर छापतात त्याच्या कडेला उभी केलेली चौकोनी खिडकी. तिच्यातून लहर आत शिरायची. ही खिडकी बोर्डाच्या जाडीच्या कितीतरी पट उंच लागते. नाहीतर लहर चौकटीलाच चिकटते आणि पुढचे सगळे आकडे फसवे येतात. माझी फाईल पातळ बोर्डासाठी केलेली होती.

चंदगडकडच्या एका विद्यार्थिनीनं जाड बोर्ड घेतला. रीतीप्रमाणे तिनं माझ्या फायलीत मापं बदलली. खिडकी तेवढीच राहिली. इंपीडन्सचा आलेख काढला तर रेषा पन्नास ओहमच्या, म्हणजे ऊर्जा माघारी न फिरता आत जाते त्या आकड्याच्या, आसपासही येईना. मग तिनं कोरी फाईल घेतली, तोच अँटेना रचला, बोर्डावरची तांब्याची पट्टी आणि खालचा पत्रा यांच्यामध्ये छोटा स्रोत बसवला, आणि रेषा हवी तिथं आली. दोन्ही आलेख शेजारी ठेवून तिनं मला बोलावलं.

"सर, अँटेना बरोबर हाय. तुमच्या फायलीतला पोर्ट लहान पडतोय."

"एवढी वर्षं कुणाला लहान पडला नाही तो."

"एवढी वर्षं बोर्ड पातळच होता की, सर."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तिथून पुढे मी आलेखाकडे पाहिलंच नाही. "माझ्या फायलीत जमेल असा अँटेना कर," म्हणालो आणि उठलो.

तिनं केला. माझ्या फसव्या आलेखातली रेषा पन्नासवर येईपर्यंत तिनं चांगल्या अँटेनाची मापं बिघडवली. बोर्ड तयार होऊन आला, मोजणीला लावला, तर बहुतेक ऊर्जा माघारी फिरली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कारण विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

निकालानंतर तिचे वडील आले. एसटीत कंडक्टर होते. ड्युटीवरूनच, खाकी कपड्यांत आले होते. मुलीला पुढं शिकवावं की नाही, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.

"पोरगी म्हणती, चूक तिची न्हवती. आमाला त्यातलं काय कळत न्हाय. तुमी सांगाल त्येच खरं."

"तिचं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी दार लावून घेतलं, तिचं पहिलं डिझाइन उघडलं आणि खिडकी मोठी केली. आलेख तिच्या आलेखाशी जुळला. चंदगडची गाडी अजून स्टँडवर असेल, हे मनात आलंही. मी खुर्चीतून उठलो नाही.

यंदा काही कामानं लॅबमध्ये गेलो. तिथले तरुण शिक्षक, माझेच विद्यार्थी, कौतुकानं म्हणाले, "अजून तुमचीच फाईल चालते, सर." ती का वापरू नये, हे मी त्यांना सांगितलं. मग त्यांच्याकडूनच तिचा नंबर घेतला.

ती आता गावाकडे एका काजूच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळते. फोनवर माझं सगळं बोलणं तिनं ऐकून घेतलं.

"मला ठाऊकच होतं की, सर. मला काय सांगताय? बाबांना सांगा."

फोन त्यांच्या हातात गेला. चूक माझ्या फायलीत होती, तुमची मुलगी बरोबर होती, आणि हे मला तुम्ही आलात त्याच दिवशी कळलं होतं, असं मी सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बंद केला.

"लई बोललो हो मी तिला," ते म्हणाले. "जेवताना सुदीक बोललो. ती रडून सांगायची, आन् मी म्हनायचो, सर कशाला खोटं सांगतील?"

पुढचं ते माझ्याशी बोलत नव्हते. "हिकडं ये गं बाळ," एवढं मला ऐकू आलं. फोन तसाच चालू होता. त्या घरातलं पुढचं ऐकायचा मला अधिकार नव्हता. मी फोन बंद केला.